संशयिताचा रकाना

नाथाजी फडतरे मूळचे वडूजचे, नोकरीला सांगलीत, विश्रामबागेतल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. तीस वर्षांत त्यांनी कागदावरचा एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. माहिती नसेल तिथं 'निरंक' लिहायचं, पण जागा मोकळी ठेवायची नाही. १९९९ साली बँकेनं त्यांना एटीएमचं कार्ड दिलं, तेव्हा अर्जातल्या 'टोपणनाव' या रकान्यातही त्यांनी ठळक अक्षरांत 'निरंक' लिहिलं होतं.

एका सोमवारी बँकेसमोर त्यांनी खिसा चाचपला, तर कार्ड नव्हतं. बँकेनं कार्ड बंद केलं आणि पोलिसांकडे तक्रार द्यायला सांगितली. ठाण्यात बसून नाथाजी 'हरवले' असं लिहायला लागले आणि थांबले. हेडक्लार्कच्या हातून काही हरवत नसतं. त्यांनी 'चोरीस गेले' असं लिहिलं. त्याखाली रकाना होता, 'संशयित'. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना 'निरंक' हा शब्द आठवला नाही. शनिवारी टेबलावर चहा ठेवला होता शिपाई जालिंदर बनसोडेनं. त्याचं नाव रकान्यात अगदी बरोबर मावलं.

मंगळवारी हवालदार आला आणि भरल्या कचेरीतून जालिंदरला घेऊन गेला. तेव्हापासून तो रोज दहा ते पाच ठाण्याच्या बाकावर बसून असे. वीस वर्षं शिपाईगिरी करून यंदा त्याचं नाव क्लार्कच्या बढतीच्या यादीत आलं होतं. 'प्रकरण मिटेपर्यंत' म्हणून साहेबांनी ती यादी कपाटात ठेवली. त्याची बायको अंजना दोनदा कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. दोन्ही वेळा नाथाजींना फायलीत फार महत्त्वाचं काहीतरी सापडलं.

शुक्रवारी संध्याकाळी बनाबाई, म्हणजे नाथाजींची बायको, पिशवी घेऊन आली आणि तिनं त्यांच्यापुढं दोन वस्तू ठेवल्या. एक रेशनकार्ड. दुसरं एटीएमचं कार्ड. दोन्ही लॅमिनेशन केलेली.

या घरात कागद आला की लॅमिनेशनला जाई. मतदार ओळखपत्र झालं होतं, लेकीच्या गुणपत्रिका झाल्या होत्या, थोरल्याच्या लग्नाची पत्रिकाही झाली होती. नवीन कार्ड मळेल म्हणून बनाबाईनं रविवारी ते धुवायच्या शर्टातून काढून दुकानात दिलं होतं. चार दिवस लाईटच नव्हती, म्हणून मशीन बंद.

"सांगायचं न्हाईस व्हय?" नाथाजींनी विचारलं.

"तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

हेही खरं होतं. कार्ड गेल्याचं बायकोला सांगायची लाज वाटली म्हणून ते घरात गप्प बसले होते.

आता भिंती जवळ येऊ लागल्या. हवालदाराचा निरोप होता की शनिवारी अकराला पुरवणी जबाबावर सही करा, म्हणजे जालिंदरला रीतसर आत घेतो. सही करावी तर जालिंदर जातो. न करावी तर खोटी तक्रार दिली म्हणून आपण जातो, आणि मागोमाग नोकरी, पेन्शन. कार्ड कृष्णेत टाकावं असंही त्यांच्या मनात आलं. पण लॅमिनेशन इतकं चांगलं झालं होतं, की ते तरंगलं असतं.

वरच्या मजल्यावर माया सरतापे राहत. सांगलीच्या कोर्टात वकिली करत. शनिवारी सकाळी नाथाजी पिशवी घेऊन जिना चढले. एका मित्राची अडचण आहे, असं म्हणून त्यांनी सगळी हकिगत सांगितली. मायाताई पोह्यांसाठी कांदा चिरत ऐकत होत्या.

चुकून दिलेली तक्रार हा गुन्हा नव्हे, त्या म्हणाल्या. खोटी आहे हे ठाऊक असून दिली, तर गुन्हा. "सोमवारी तुमचा मित्र चुकला होता, काका. आज अकराला सही केली तर तो खोटं बोललेला असेल. या दोन्हींच्या मध्ये तुरुंगाची भिंत आहे."

नाथाजींना जरा श्वास आला. तोवर मायाताईंनी विचारलं, शिपायाचंच नाव का लिहिलं? चहा त्यानं ठेवला होता म्हणून. मग त्या दिवशी टेबलाजवळ आणखी कोण कोण आलं होतं? नाथाजींनी बोटांवर मोजलं. साहेब, दोन क्लार्क, एक ठेकेदार, साहेबांचा मेहुणा.

"यातलं एकही नाव पेनातून उतरलं नाही?"

"तसल्यातली माणसं नव्हती ती," नाथाजी बोलून गेले.

मायाताईंचा हात थांबला.

"माझे वडीलही शिपाईच होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "तसल्यातलं कोण, हे तुमच्या मित्रानं कार्ड हरवायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. त्याचं कलम माझ्याकडे नाही. ते ज्याचं त्यानं लावून घ्यायचं."

नाथाजींनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मित्र नाही, वकीलबाई, मीच तो!"

"माहीत आहे. पिशवीतून तुमचं रेशनकार्ड दिसतंय. साडेदहा वाजत आलेत, निघा."

ठाण्यात हवालदारानं त्यांना यथेच्छ सुनावलं, नवा जबाब लिहून घेतला आणि नाव लिहिताना यापुढं डोकं वापरा म्हणून तंबी दिली. नाथाजी बाकाकडे आले.

"जालिंदर, चूक झाली रं माझी. चल, तुला घरी सोडतो."

जालिंदर उठला नाही. "भाऊसाहेब, हितं चार मानसं हायती. हितं सांगून माझं काय व्हनार? मला कचेरीतनं उचललंय. तितं सांगा. आन नुसतं कार्ड घावलं म्हनू नका. लोक म्हनतील, यानंच भिऊन परत केलं."

दोघं चालत कचेरीत गेले. नाथाजींनी सगळ्यांच्या मधोमध उभं राहून सांगितलं की कार्ड घरातच होतं, ते चोरीला गेलंच नव्हतं. आणि जालिंदरचं नाव आपण चहामुळं लिहिलं नाही, तो आपल्याला 'तसल्यातला' वाटला म्हणून लिहिलं. मग साहेबांनी कपाटाची किल्ली शोधली.

नाथाजींना मेमो मिळाला. महिन्याभरानं जालिंदर शेजारच्या टेबलावर क्लार्क म्हणून बसला. कामापुरतं बोलतो. त्याहून जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही, हे नाथाजींना कळलं आहे.

तर मंडळी, चोरी झाली तर तक्रार जरूर करा. पण कुणाचं नाव लिहिण्याआधी हात थांबवून, तेच नाव का सुचलं हे स्वतःला विचारा. वस्तू सापडली तर त्याच पावली ठाण्यात जा. कायदा चुकलेल्याला समजून घेतो, लपवणाऱ्याला नाही. आणि जितक्या लोकांसमोर एखाद्याची अब्रू घेतली असेल, तितक्याच लोकांसमोर ती परत करा.