धुण्याचा रकाना

वासंतीने डबा उघडला, हात जोडले आणि पहिला घास घेतला. आता डबा संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. चातुर्मासातलं मौनभोजन; मध्ये बोललं तर तिथंच उठायचं, उरलेलं अन्न त्या दिवशी नाही. चिखलीतल्या त्या लोणच्याच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांच्या मुलालाही.

म्हणूनच सलिल आत्ता आला. मागोमाग त्याचे वडील, सदाशिवराव.

"जेवा, जेवा, वासंतीताई. तुम्हाला त्रास नाही देत." त्याने परदेशातून मागवलेली नमुन्याची बाटली टेबलावर ठेवली. वरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. शेजारी खर्चाचा कागद. "बाबा, इथली बाटली धुऊन आपल्याला पडते सोळा रुपये पंच्याऐंशीला. ही पंधरा पंच्याहत्तर. जहाजाचं भाडं, ड्युटी, न्हावा शेव्यापासूनचा ट्रक, फूटतूट, सगळं धरून. वर्षाला आठ लाख बाटल्या. करा गुणाकार."

वासंतीने घास चावत कागदाकडे पाहिलं. सगळे आकडे जागच्या जागी होते. फक्त 'धुणे' या रकान्यात इथल्या बाटलीपुढे एक साठ होते आणि तिथल्या बाटलीपुढे शून्य. ते एक साठ म्हणजे मागच्या हौदावरच्या सहा बायका. कागद मंजूर झाला की एक तारखेपासून त्या घरी. खरेदीचा हिशेब वासंती पाहायची; तिच्या सहीशिवाय कागद पुढं जात नसे. काल तिने हा कागद दोनदा सही न करता परत पाठवला होता.

"पॅक होऊन येतात. पॅकिंग फोडलं की थेट भरायच्या," सलिल म्हणाला. "कालपर्यंत ताईंची हरकत होती. आज काही म्हणत नाहीत. म्हणजे मान्य." त्याने पेन पुढं केलं.

हौदावरची तानुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. "अवो सायेब, जेवताना बोलत न्हाईत त्या. तुमाला ठावं हाय की!"

"मग बरंच आहे. शांतपणे काम होतंय."

तानुबाईने तांब्या टेबलावर जरा जोरातच ठेवला.

वासंतीचा उजवा हात खरकटा होता. तिने डाव्या हाताने बाटलीचं प्लास्टिक ओढून काढलं. तांब्यातलं पाणी बाटलीत ओतलं, तोंडावर डावा तळवा दाबून, बूड उजव्या मनगटाने सावरून खळखळ हलवलं आणि डब्याच्या पालथ्या झाकणाला सुलटं करून त्यात ओतलं. स्टीलच्या झाकणात पाणी गढूळ दिसलं. तळाशी राखाडी भुकटी बसली आणि तिच्यात काचेचा एक कण चमकला.

तिने झाकण सलिलपुढं सरकवलं. पाहुण्याला पाणी द्यावं तसं.

"हे... एवढंच ना?" सलिल हसला. "घेऊ की धुऊन! धुवायला असं लागतं किती?"

सदाशिवरावांनी मुलाकडे पाहिलं, मग झाकणाकडे.

वासंतीने सलिलच्या हातातलं पेन घेतलं. डाव्या हाताने शून्यावर काट मारली आणि वाकड्या अक्षरात एक साठ लिहिले. बेरीज खोडून खाली नवी मांडली. सतरा पस्तीस; इथल्या बाटलीपेक्षा पन्नास पैसे जास्त. सहीची जागा कोरी ठेवून तिने पेन कागदावर आडवं ठेवलं आणि पुढचा घास घेतला.

"बाबा, नंतर बघू," सलिल कागद उचलू लागला. "चाकणची पार्टी यायची आहे."

सदाशिवरावांनी कागदावर हात ठेवला. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ते बसले.

"थांब. त्यांचं जेवण होऊ दे. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

सलिलला बसायला दुसरं स्टूल नव्हतं. तानुबाईही दारातून हलली नाही.

वासंतीने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला. एरवी तिचा डबा दहा मिनिटांत संपायचा. त्या दिवशी तिने तो अर्धा तास पुरवला.