अडकणारा डंपर

पडद्यावरचा पिवळा डंपर पुन्हा कड्यावरून खाली गेला, आणि चंपतनं खेळातल्या स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"तुयं कॉम्प्युटर झोपून राह्यलं, मैत्री. मी ब्रेक आज दाबतो, तो लागते उद्या."

"तेच पाहून राह्यली ना, बाबा. उठा जरा."

बेल्लमपल्लीतल्या उघड्या खाणीत चोवीस वर्षं चंपतनं डंपर चालवला होता. लकव्याचा झटका येऊन गेला आणि सात महिने तो क्वार्टरच्या या पुढच्या खोलीत बसून होता. मंगळवारी मेडिकल बोर्ड. परत डंपरवर चढायचं की कायमचं उतरायचं, ते तिथं ठरणार. सराव व्हावा म्हणून लेकीनं आपल्या लॅपटॉपवर हा खाणीचा गेम टाकला, स्टिअरिंग आणि पेडल मैत्रिणीकडून मागून आणले. पण गेम अडकत चाले. चित्र थांबे, मग उडी मारून पुढं जाई. तोवर वळण मागं राहिलेलं असे.

"खरा डंपर जन्मात पाडला नाई, अन् आता रोजचे दहा," आतून त्याची बायको रुक्माबाई भाकर थापता थापता म्हणाली. "बरं हाय बाप्पा, याले डिझेल लागत नाई."

लॅपटॉपात ग्राफिक्स कार्डं दोन होती. एक प्रोसेसरमधलं, लिहिण्यावाचण्यापुरतं. दुसरं मोठं, अशाच खेळांसाठीचं. मैत्रीनं ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नवा टाकला होता, सेटिंगमध्ये मोठं कार्ड नेमून दिलं होतं. तरी कोण किती राबतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की लहान कार्ड शंभर टक्क्यांवर धापा टाकतंय आणि मोठं शून्यावर निवांत.

"म्हंजे बैल दोन, अन् जुवाखाली एकच?" चंपतनं विचारलं.

"अन् तोई म्हतारा," ती हसली.

चूक आज सापडली. मोठं कार्ड तिनं दिलं होतं ते गेम उघडून देणाऱ्या फाईलला. खरा गेम आतल्या फोल्डरमधल्या दुसऱ्याच फाईलीतून चालत होता. तिनं ती फाईल यादीत घातली, तिच्यापुढं मोठं कार्ड निवडलं, गेम बंद करून पुन्हा लावला. सेकंदाला किती चित्रं, ते सांगणारा कोपऱ्यातला आकडा चौदावरून साठवर गेला.

"बसा बाबा. आता पाहा."

रस्ता पाण्यासारखा वाहू लागला. धूळ उठली, धूळ बसली. चढ आला, चढ सरला. चंपतच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी ऊन पडलं. भरला डंपर उताराला लागला.

"मेल्लगा, मेल्लगा," तो पुटपुटला. खाणीतले तेलुगू जोडीदार उतारावर हेच ओरडायचे: सावकाश, सावकाश.

वळण दिसलं. मैत्रीनं बापाच्या उजव्या पायाकडं पाहिलं. पाय उचलला गेला, त्यानं पेडल शोधलं, दाबलं. डंपर तोवर कड्याबाहेर होता.

"पुन्हा," चंपत म्हणाला.

पाच वेळा उतरला, पाच वेळा पडला. आतलं भाकर थापणं थांबलं होतं.

"मैत्री, आता कॉम्प्युटरात काई दोस नाई ना?"

कोपऱ्यातला साठचा आकडा हलत नव्हता. तिनं त्यावरून नजर काढून घेतली.

"थोडं... अजून थोडं अडकते, बाबा. ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहू."

"तू चालव."

"मी काऊन?"

"चालव तं."

ती बसली. पहिलं वळण आलं, ब्रेक लागला, डंपर अलगद वळला. दुसरं आलं, तसंच. मागं उभ्या असलेल्या बापाचा श्वास तिला मानेवर जाणवत होता. तिसरं वळण समोर आलं तेव्हा तिनं पाय पेडलवर नेलाच नाही. डंपर कड्यावरून गेला, खालच्या मोकळ्या, काळ्या जमिनीवर आदळला.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "अडकते म्हटलं ना."

चंपतनं पडद्यावरच्या त्या जमिनीवर बोट ठेवलं.

"असा जानून नको पाडू, माय," तो म्हणाला. "खाली मानसं राह्यतात."