दहाची पहूर गाडी

वाघूर नदी माणसाचं ऐकते, हे आमच्या गावाला एकोणसत्तरच्या पावसाळ्यात कळलं. तोवर ती कुणाचंच ऐकत नव्हती.

श्रावणातली सकाळ. घाटावर दोन-तीनशे माणसं. पाणी सातव्या पायरीला लागलेलं, गढूळ, मधूनच एखादं केळीचं खोड गडगडत नेणारं. त्या पाण्यात घोटाभर उभे वाघूरबाबा. वैशाखात, आखाजीच्या सणानंतर कुठूनसे आले आणि घाटावरच्या धर्मशाळेत राहिले, एवढीच त्यांची माहिती. त्यांनी बाभळीची खुंटी पायरीच्या फटीत ठोकली, बोट उगारलं आणि नदीला दम दिला, "बस. इथवर. आणखी पाऊल टाकलंस तर माहेरी डोंगरात पाठवीन."

बारा वाजता पाणी एक पायरी उतरलं, एक वाजता दुसरी. बायांनी खुंटीला हळदकुंकू लावलं. शालिग्राम आबांनी, म्हणजे आमच्या सरपंचांनी, नारळ फोडला. ज्या नदीनं आबांच्या दोन म्हशी नेल्या होत्या ती आता सुनेसारखी वागायला लागली, असं त्यांचं म्हणणं. आबांच्या घरात सून कशी वागते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसलो.

मी गावचा पोस्टमास्तर. एस.टी.च्या थांब्यासमोर माझी खोली. पहूरहून दहाची गाडी येते, तिच्यातून टपालाची थैली येते. थैली किती वाजता आली हे मी वहीत लिहितो, उशीर झाला तर शेऱ्यात कारण लिहितो. त्या पावसाळ्यात शेऱ्याच्या रकान्यात सारखं एकच कारण पडत होतं: घाटावर गर्दी, गाडी अडली. चमत्कारांची अशी तारीखवार नोंद दुसऱ्या कुणाकडे नसेल. पण लिहिणं वेगळं आणि वाचणं वेगळं. मी फक्त लिहीत होतो.

बाबांची रीत ठरलेली. आठ वाजल्यापासून डोळे मिटून बसायचे. त्यांचा शिष्य सुकदेव रोज संध्याकाळी पूजेची फुलं आणायला म्हणून जायचा आणि सकाळी दहाच्या गाडीनं परडी घेऊन उतरायचा. परडी पायाशी ठेवली की बाबा डोळे न उघडता एकच शब्द पुटपुटायचे. लोकांना ऐकू यायचं, "पूर?" सुकदेव म्हणायचा, "उतरी ऱ्हायना," म्हणजे उतरतोय. मग बाबा उठायचे, खुंटी ठोकायचे, आणि दोन तासांत पूर खरंच उतरायचा. बाबा पुराची विचारपूस करतात आणि पूर सुकदेवाच्या तोंडून उत्तर देतो, असं गावानं ठरवून टाकलं. कधी सुकदेव म्हणायचा, "चढी ऱ्हायना," चढतोय. त्या दिवशी बाबा मौन धरत. पाणी चढलं की लोक हळहळत: बाबा मौनात होते ना, नदीला आवरणार कोण?

इथवर कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. बिघडलं ते गाठोड्यावरून.

आमच्याकडे श्रावण लागला की प्रत्येक घरात पुराचं गाठोडं बांधत. तेलाच्या डब्यात काडेपेटी, बाजरीचं पीठ, एक लुगडं, एक कंदील, दोर. धान्य माळ्यावर जायचं. म्हाताऱ्यांना उंचावर कोण नेणार तेही ठरायचं. बाबा म्हणाले, गाठोडं म्हणजे अविश्वास. ज्याच्या घरी गाठोडं, त्याच्या घरी पाणी. आठवड्यात गाठोडी सुटली. धान्य माळ्यावरून खाली आलं. लोकांना तेवढंच हवं होतं. दरवर्षी तेच बांधायचं आणि तेच सोडायचं, माणूस कंटाळतोच. बाबांनी त्या कंटाळ्याला भक्तीचं नाव दिलं.

सगळ्यात घाईनं गाठोडं सोडलं ते निर्मलकुमार शेठनी. किराणा दुकानवाले. दोन वर्षांपूर्वी नदीकाठच्या सखल जमिनीवर प्लॉट पडले, स्वस्त पडले, तेव्हा त्यांनी तिथं नवं घर बांधलं. त्यांच्या आई धनकुंवरबाई कमरेचं हाड मोडून खाटेला खिळलेल्या. नदीपासून शंभर पावलांवर, तळमजल्यावर, चालता न येणारी म्हातारी. जुन्या रीतीप्रमाणे त्यांची खाट पावसाळाभर शाळेजवळच्या जुन्या घरी ठेवायची होती. बाबांनी दारात खुंटी ठोकून दिली आणि खाट हलली नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी शेठची बायको गुलाबबाई पोस्टात आली. डोक्यावर पदर डोळ्यांपर्यंत. पत्र टाकायला आली असेल म्हणून मी शिक्का उचलला.

"मास्तर, थैली आली?"

साडेदहा झाले होते. थैली आली नव्हती. मधल्या नाल्यावरून पाणी चाललंय, गाडी येणार नाही, असं एक सायकलवाला सांगून गेला होता. मी तसं सांगितलं. ती जागची हलली नाही.

"मग बाबांना आज काही माहीत नाही," ती म्हणाली.

मला कळेना. तिनं हळू आवाजात सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी नैवेद्य घेऊन ती बाबांच्या अगदी जवळ उभी होती. बाबा 'पूर' म्हणत नव्हते, 'पहूर' म्हणत होते. तिचं माहेर पहूरचं. अख्ख्या गावाला जो शब्द पूर ऐकू येतो तो तिला बरोबर ऐकू आला, कारण माहेरचं नाव कुठलीही बाई गर्दीतसुद्धा ओळखते. पहूर नदीवर आपल्या वर आहे. तिथं पाणी उतरलं की तीन तासांनी इथं उतरतं, चढलं की तीन तासांनी इथं चढतं. गाडी मात्र तासाभरात येते.

"तुमच्या वहीत बघा ना," ती म्हणाली.

मी वही उघडली. खुंटीचे सहा दिवस, सहाही दिवशी गाडी आलेली. गाडी चुकलेले दोन दिवस, दोन्ही दिवशी बाबा मौनात. सगळं माझ्याच अक्षरात. मला त्या अक्षराची लाज वाटली.

घाटावर पोहोचलो तर ऊन पडलेलं. पाऊस वर डोंगरात, इथं आभाळ निळं. पाणी आठव्या पायरीला. फुलं नाहीत, सुकदेव नाही, पण लोक खोळंबलेले आणि ऊन बघून बाबांना धीर आलेला. त्यांनी नवव्या पायरीवर खुंटी ठोकली. "घरी जा, निवांत जेवा. आज ती हलणार नाही."

गुलाबबाई चारचौघांसमोर बोलत नसे. ती माझ्यामागून म्हणाली, "मास्तर, विचारा, पहूर काय म्हणतं."

मी मोठ्यानं विचारलं. बाबांनी एक डोळा उघडला. पूर आमच्याशी बोलतो, पोस्टमास्तरांशी नाही, असं म्हणून मिटला. लोक हसले.

तेव्हा तिनं पदर आणखी खाली ओढला, आवाज मात्र वर नेला. "पूर नाही, पहूर. माझं माहेर. आज फुलं का आली नाहीत, तेवढं सांगा."

शालिग्राम आबा म्हणाले, "पोरी, घरी जाय." आणि तेवढ्यात आबांचीच नजर खुंटीवर गेली. खुंटीचं फक्त डोकं दिसत होतं.

बाबांनी ताबडतोब कारण काढलं. "कुणाच्या तरी घरी गाठोडं बांधेल शे!"

सगळ्यांनी गुलाबबाईकडे पाहिलं. निर्मलकुमार पुढे आले. "बांधलंस?"

"हो. माळ्यावर आहे. खाट उचलायला माणसं हवीत, तेवढं बाकी आहे."

शेठनी बायकोकडे पाहिलं, मग खुंटीकडे. खुंटी नव्हती. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि घराकडे निघाले. मागून मी, माझा पोस्टमन भटू आणि आणखी एक जण. चौघांनी खाटेचे चार पाय धरले. धनकुंवरबाई खाटेवरून म्हणाल्या, "उशीर केलात. पण न्या."

दुपारी दोनला प्लॉटात कमरेएवढं पाणी होतं. माणूस एकही गेला नाही, दिवस होता म्हणून. धान्य गेलं, अंथरुणं गेली, सहा मातीच्या भिंती बसल्या. आम्ही खाट घेऊन शाळेच्या टेकाडावर पोहोचलो तेव्हा तिथं आमच्या आधी एकच माणूस हजर होता: वाघूरबाबा, कपडे कोरडे. संध्याकाळी तेही दिसेनासे झाले.

तिसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली आणि सुकदेव उतरला, हातात परडी. बाबा गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या ओसरीवर बसून त्यानं थकल्या आवाजात सगळं सांगितलं. पहूरच्या पुलाच्या खांबावर पांढऱ्या रेघा आहेत. गाडी निघायच्या आधी तो रेघ बघायचा. तीन रेघा उघड्या पडल्या की उतरता पूर. बस. "त्यात मंतर काय शे, मास्तर? मी बठ्ठं खरंच सांगे. खोटं ते सांगेत."

त्याच्या त्या वाक्यावर मी बराच विचार केला. त्याची बातमी खरी होती. ती आमच्या कामाची होती. बाबांनी ती चोरून खुंटीला बांधली आणि आमची गाठोडी सोडवली. आता पहूरचे पोस्टमास्तर रोज थैलीसोबत चिठ्ठी पाठवतात, रेघेच्या आकड्याची. मी तो ओसरीवरच्या फळीवर खडूनं लिहितो. शेजारी ठळक अक्षरांत: गाडी आली नाही तर पाणी चढतंय असंच समजा. श्रावणात गाठोडं बांधा. धान्य माळ्यावर, म्हातारी माणसं उंचावर. नदीला कान नाहीत. तिला सांगू नका, तिच्याकडे बघा.

याला आता चार पावसाळे झाले. गाठोडी निम्म्या घरांत बांधतात, निम्म्या घरांत उद्या बांधू म्हणतात. गेल्या महिन्यापासून कुणीतरी पहाटे येऊन फळीला कुंकू लावून जातं. परवा एक फूलही होतं. शालिग्राम आबांवर माझा संशय आहे, पण या वयात त्यांच्याशी वाद कोण घालणार?

मी रोज ओलं फडकं घेतो, कुंकू पुसतो आणि आकडा लिहितो.