सर ह्यूंच्या पायाशी बसलेले कुत्रे

मास्टर पेंडर मोजपट्टी घेऊन ऑडमोरच्या चर्चमध्ये शिरले, तेव्हा जोकोसाबाईंच्या हातातली काठी अस्वस्थपणे फरशीवर टकटक करू लागली. राणीच्या आज्ञेने पेंडर परगण्यातील घराण्यांच्या वंशावळी तपासत होते. ज्याची वंशावळ पुराव्याच्या कसोटीला उतरत नसे, त्याचे नाव बाजारचौकात पुकारले जाई आणि दारावरचे कुलचिन्ह खरवडले जाई. ऑडमोरांचे कुलचिन्ह होते निळ्या ढालीवरचा राखी बगळा. बाईंची सत्तर वर्षे त्या बगळ्याखाली गेली होती.

त्यांचा भाचा सर गर्वेस याने मात्र अठरा फूट लांब चर्मपत्रावर चौदा पिढ्या रंगवून घेतल्या होत्या. सर्वांत वर होते योद्धे सर ह्यू.

"आणि हे पाहा, साक्षात आमचे मूळ पुरुष!" समाधीवर उताण्या झोपलेल्या दगडी पुतळ्याकडे हात करून गर्वेस म्हणाला.

बाईंनी नजर छताकडे वळवली. हे मूळ पुरुष आठ वर्षांपूर्वी, पाडलेल्या मठातून, बैलगाडीत उताणे झोपून आले होते. चबुतऱ्यावरचा बगळा गर्वेसनेच पाथरवटाकडून कोरून घेतला होता. चेहरा पार झिजलेला असल्याने कोणी हरकत घेतली नव्हती.

पेंडर पुतळ्याच्या पायाशी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी बोटाने धूळ पुसली.

"सर गर्वेस, आपले पूर्वज घुंगरू बांधलेले कुत्रे घेऊन लढाईवर जात?"

"शिकारी कुत्रा असेल तो."

"शिकारीच्या कुत्र्याला घुंगरू? ससे हसून मरतील! योद्ध्याच्या पायाशी सिंह कोरतात. हे मांडीवरचे कुत्रे आहे, ते बाईमाणसाच्या पायाशी असते. आणि डोक्याला आहे ते शिरस्त्राण नव्हे, रुमाल आहे. आपले सर ह्यू कोणाच्या तरी पत्नी आहेत."

बाईंना खुदकन हसू फुटले. पण पेंडरांनी चौकात पुकारायच्या नावांची यादी उघडली, तशा त्या काठी टेकत पुढे झाल्या.

"थांबा, मास्टर."

"आत्या, तू मध्ये पडू नकोस!"

"आठ वर्षे गप्प बसले, त्याचे फळ दिसतेच आहे." त्यांनी कमरेच्या बटव्यातून घडी घातलेला दस्त काढला. खाली लोंबणाऱ्या हिरव्या मेणावर बगळा उमटलेला होता. "माझे आजोबा वॉट, मठाच्या तळ्यांचे राखणदार. मासे पळवणारे बगळे हाकलण्यात जन्म गेला. मुद्रा करवून घेताना त्यांना दुसरे काय सुचणार?"

गर्वेस कानापर्यंत लाल झाला. "बगळे हाकलणारा! आत्या, अगं, लोक काय म्हणतील?"

"त्यांनी ते हाकलले म्हणून मठाने तळी दिली, आणि तळी होती म्हणून तू आज सर आहेस."

पेंडरांनी तारीख वाचली. दस्त शहात्तर वर्षांचा होता. "मुद्रा ठीक आहे. पण त्यानंतरही हे चिन्ह चालू राहिले, याचा पुरावा?"

बाईंनी काठीच्या टोकाने बाकाखालची चटई सरकवली. खाली फरशीत बसवलेला थडग्याचा पितळी पत्रा होता: त्यांच्या वडिलांचे नाव, 'तळेराखण्या वॉटचा मुलगा' ही ओळ आणि एक बगळा. ही चटईही गर्वेसनेच अंथरली होती. पेंडरांनी मेणावरची चोच मोजली, पितळेवरची मोजली आणि प्रथमच हसले.

"नियमाला साठ वर्षांचा वापर पुरतो. ढाल राहील. मात्र वंशावळ वॉटपासून सुरू होईल, आणि तसे सर गर्वेसांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले पाहिजे. नाहीतर ही यादी आहेच."

गर्वेसने लेखणी घेतली. त्याने एकदा सर ह्यूंकडे पाहिले, एकदा आत्याकडे. मग सुस्कारा टाकून त्याने कोरे पान ओढले आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहिले: वॉट, तळेराखण्या. सही करून त्याने मान वर केली, तेव्हा तो स्वतःच हसत होता.

"आता या दगडी बाईंचे काय करू, आत्या?"

"राहू दे. पाहुणीला आठ वर्षांनी कुठे घालवायचे? तिच्या चबुतऱ्यावरचा बगळा तेवढा हाकल. आपल्या घराण्याला ते काम येते."