संगिनीवरचा शिक्का

निवृत्त मुख्याध्यापक गुणवंतराव वडशात संगिनींचे जाणकार म्हणून ओळखले जात, म्हणजे ते स्वतःच तशी ओळख करून देत. बंदुकीच्या नळीवर बसणारी कडी कशी असते, मुठीतली खाच कशाला असते, सगळं मोबाइलवर पाहून पाठ. ऐकणारा सापडला की चहा येईपर्यंत त्याची सुटका नसे, आणि चहा मुद्दाम उशिरा येई.

एका झाडीपट्टी नाटक मंडळीच्या पेटीत त्यांना खरी संगीन गवसली, ती त्यांनी मागून घरी आणली. तीस हिवाळे तिनं मंचावर खलनायक मारले होते. पात्याच्या मुळाशी मुकुटाचा शिक्का, खाली १९१८. गुणवंतरावांना आकाश ठेंगणं झालं. दसऱ्यानंतर नागपूरच्या एका संग्रहालयातल्या बाई पाहायला येणार होत्या. पसंत पडली तर काचेच्या कपाटात संगीन, आणि खाली कार्ड : ‘शोध : गुणवंतराव’. सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं नाव हजेरीपटापलीकडे गेलं नव्हतं. त्या कार्डासाठी म्हातारा अक्षरशः झुरत होता.

दसऱ्याला पत्नी रुखमाबाई अडून बसल्या. “गंजकं हत्यार पूजेत नाई ठेवाचं जी. मुखरूकडं नेऊन आना.”

जुन्या हत्याराचा गंज घासायचा नसतो, हे गुणवंतरावांनी गावाला दहादा शिकवलं होतं. पण पाटावर विळे, कुऱ्हाडी लखलखत असताना आपलीच संगीन मळकी, हे त्यांना बघवेना. ते मुखरू लोहाराकडे गेले आणि “जरासंच पूस” म्हणाले. मुखरूला जरासं काही करताच येत नसे.

संध्याकाळी पात्यात तोंड दिसत होतं. मुकुट नव्हता, साल नव्हतं. तिथं ठसठशीत ‘मुखरू’.

“हे काय करून ठेवला रे?”

“धार माह्यी, तं ठप्पा दुसऱ्याचा कसा ठेवू, गुरुजी? लोकं म्हनतीन, मुखरूनं काम बाहेरून करून आनलं.”

गुणवंतराव तिथंच रडले.

बाई आल्या, भिंगातून पाहिलं. “शिक्का गेला, ओळख गेली. अशा आमच्याकडे पेटीभर आहेत.” मग अंगठा पात्यावरून हळूच फिरवून म्हणाल्या, “पण ही धार कुणाची?”

दिवाळीनंतर संगीन काचेच्या कपाटात गेली, लोहारकामाच्या दालनात. खाली कार्ड : ‘कारागीर : मुखरू, वडसा’. ते पाहायला मुखरूनं गुरुजींनाच सोबत नेलं, कारण मोबाइल त्यांचा चांगला होता.

“कार्डासंगं माह्या एक फोटो काढून द्या ना जी.”

गुणवंतरावांनी तीन काढले. पहिल्या दोन्हींत नाव नीट वाचता येत नव्हतं.