उघड्या डोक्यावरचं ऊन

अठ्ठ्याहत्तर साली मी सुलतानपूरच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. शेजारी अंबूबाई राहत, एकट्याच. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, मुलगा सहदेव भुसावळला रेल्वेत. त्यांची झोप पार उलटीपालटी झाली होती. भर दुपारी पेंगायच्या आणि मध्यरात्री अंगण झाडायला घ्यायच्या. गल्लीतले लोक म्हणत, म्हातारीला भ्रम झाला.

त्यांची एक कोंबडी देवी येऊन आंधळी झाली होती. तरी दिवस मावळला की ती गप्प बसे आणि उजाडलं की ओरडे.

"मास्तर, हिले समजते, मंग मले काऊन समजत नाही?"

मी लगेच पंडित झालो. मेंदूत एक इवलीशी गाठ असते, तिच्या पेशींना कवटीतूनही उजेड कळतो, अंधार पडला की त्या झोपेचं रसायन करतात, असं सांगितलं. "तेव्हा रोज सकाळी उघड्या डोक्यावर ऊन घ्या."

लग्नापासून त्या बाईनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो खांद्यावर घेऊन त्या ओट्यावर बसल्या. बायकांनी नाकं मुरडली, पण त्या हलल्या नाहीत. शाळेतून येताना मी रोज विचारायचो, "झोप लागली का?"

"लागून राह्यली थोडी थोडी."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मी नागपूरच्या एका प्राध्यापकांना हा प्रयोग कळवलासुद्धा. तीन महिन्यांनी त्यांचं उत्तर आलं. कोंबडीचं बरोबर आहे. माणसाच्या गाठीला मात्र खबर डोळ्यांतूनच जाते. डोळे गेले की ती वाट बंद. उजेडानं ते रसायन करणारं पेशीतलं कोणतं जनुक थांबतं, हे तर अजून कुणालाच ठाऊक नाही.

दोन दिवस मी अंबूबाईंचं दार टाळून मागच्या वाटेनं घरी गेलो. तिसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. ओट्यावर बसून सगळं कबूल केलं.

"मले पह्यल्याच महिन्यात समजलं होतं," त्या पदर डोक्यावर घेत म्हणाल्या. "एक रात झोप नाही लागली."

"मग लागते असं का सांगत होता?"

"नाही म्हटलं असतं, तर तुम्ही रोज पुसाले आले असते का? तुम्ही आले म्हणजे संध्याकाळ झाली, एवढं समजत होतं. दोन दिवस आले नाही, तर दिवसच समजले नाही."

मला फार वाईट वाटलं. माझ्याही खोलीत मला कुणी काही विचारणारं नव्हतं. मी म्हणालो, "अंबूबाई, काल झोप लागली का?"

"नाही लागली," त्या म्हणाल्या, आणि पदर पुन्हा खांद्यावर घेतला.