बहात्तर–एकाहत्तर

आर्लीनने फ्रिजच्या दारावरचं वेळापत्रक एका कोपऱ्याकडून नखाने सोडवायला घेतलं. चुंबकाचं ते पातळ कार्ड चार वर्षांत दाराला असं बिलगलं होतं की ओढलं तर मुडपलं असतं. तिने लोणी लावायची सुरी आणली, अलगद खाली सरकवली. कार्ड सुटलं. दारावर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला; बाकीचं दार कधी पिवळं पडलं ते तिला कळलंच नव्हतं.

वेबर्टन कॉलेज, बास्केटबॉल, पुरुषांचा संघ. डावीकडे तारखा, उजवीकडे चौकटी, चौकटींत तिच्या नवऱ्याच्या, डेलबर्टच्या हातचे आकडे. जिंकलं की निळी शाई, हरलं की पेन्सिल. हरलेलं खोडता यायला हवं, असं तो म्हणायचा. खोडलं मात्र कधीच नाही. नऊ फेब्रुवारीपर्यंत चौकटी भरलेल्या होत्या. त्याखालच्या कोऱ्या.

नऊ फेब्रुवारीची चौकट निळ्या शाईत होती. आणि ती खरी नव्हती.

हे आर्लीनशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. डेलबर्टला माती दिली त्या दिवशीच त्याच्या मित्राने, रस्टीने, तिचा हात धरून म्हटलं होतं, की हे कार्ड आपण डोरीनच्या दुकानात लावू, चाळीस वर्षं तो तिथेच बसत आला. ती म्हणाली होती, अजून नको. पुढच्या वर्षीही म्हणाली, अजून नको. लोकांनी ते दुःखात मोजलं. दुःख असतं तर बरं होतं. दुःखाला वजन असतं, ते उचलता येतं, खाली ठेवता येतं. तिच्या आत नुसता कापूस होता. सकाळ व्हायची, कापसात. संध्याकाळ व्हायची, कापसात.

गुरुवारी कार्डावरच्या त्या हंगामाच्या चौकशीचा निकाल लागला तेव्हा रस्टीचा फोन आला. त्या वर्षीचं जे काही ज्याच्या घरात असेल ते घेऊन शनिवारी डोरीनकडे या, असं तो ओरडूनच सांगत होता. डेलबर्टचं कार्डही आण.

"बरं," आर्लीन म्हणाली. फोन ठेवल्यावर आपण बरं का म्हणालो याचा तिने थोडा वेळ विचार केला. मग भांडी घासली.

आता तिने पर्सिमन फळाच्या पुडिंगचा डबा घेतला, झाकणावर कार्ड ठेवलं, वर रुमाल बांधला आणि गाडी काढली.

डोरीनचं डोनटचं दुकान जिल्हा कोर्टाच्या इमारतीसमोर होतं. खिडकीजवळच्या लांब टेबलावर नेहमीची मंडळी कोटासकट बसली होती. नोव्हेंबर लागला होता, हंगामाचा पहिला सामना चार दिवसांवर होता, पण त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

"तेवीस!" रस्टी टेबलावर बोट आपटत होता. एके काळी केस लाल होते म्हणून तो रस्टी. केस गेले, नाव राहिलं. "तेवीस सामने पुसले! एका कोटापायी!"

"सूट होता," टेबलाच्या टोकाकडून मर्ल म्हणाला. "पँटसकट."

"पँटसकट म्हणे! अरे, पोराची आई गेली होती. काय चड्डीवर उभा राहणार होता तो तिच्यापुढे?"

"नियम सांगतोय मी. आधी कळवलं असतं तर परवानगी मिळाली असती. कळवलं नाही."

"ऐका! शिट्टी वाजली!"

मर्लने एकतीस वर्षं या जिल्ह्यातल्या शाळांच्या सामन्यांत पंच म्हणून काढली होती. टेबलावरच्या प्रत्येकाला त्याने कधी ना कधी, कुणाला स्वतःला तर कुणाच्या पोराला, बाहेर बसवलं होतं. त्याची किंमत तो रोज सकाळी चुकती करायचा.

पोराचं नाव टेविन ब्रॉडनॅक्स. संघातला सगळ्यांत उंच. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याची आई वारली, आणि उपप्रशिक्षकाने त्याला आपल्या गाडीत घालून तीन तासांवरच्या गावी नेलं, वाटेत काळा सूट घेऊन दिला. खेळाडूला प्रशिक्षकाने असं काही देणं नियमात बसत नाही; नेणं बसत नव्हतं, सूटही बसत नव्हता. चार वर्षांनी कुणीतरी ते उकरून काढलं. म्हणून टेविन त्या वर्षी खेळायला पात्रच नव्हता, म्हणून तो खेळला ते विजय विजयच नव्हते. शुक्रवारी व्यायामशाळेच्या छताला टांगलेला त्या वर्षाच्या विजयाचा झेंडा उतरवला.

"आणि नदीपलीकडचं ते मोठं कॉलेज?" रस्टी म्हणाला. "तिथली पोरं कोऱ्या करकरीत गाड्यांतून सरावाला येतात. त्यांना काय केलं? एक पत्र. पुन्हा असं करू नका हं, सोन्यांनो."

"त्यावर मी काही बोललोय का? ते चूकच आहे."

"मग तिथे वाजव की शिट्टी!"

डोरीन कॉफी ओतत आली. "मला एक सांगा. आपले विजय पुसले, म्हणजे समोरचे जिंकले का?"

"नाही ना! तेच तर! ते हरलेलेच राहणार. फक्त आपण जिंकलो नाही."

"मग जिंकलं कोण?"

"कुणीच नाही."

"आमच्या घरातल्यासारखं झालं," डोरीन म्हणाली. "भांडण झालं की तो हरतो. पण मी जिंकले असं काही तो म्हणत नाही."

टेबल हसलं. आर्लीनही हसली असावी. आपले गाल हलले, एवढं तिला कळलं. डोरीनने तिच्यासाठी खुर्ची ओढली. पुडिंगचा डबा टेबलावर आला, रुमालाची गाठ तशीच राहिली.

"आणि हरलेले सहा?" कुणीतरी विचारलं.

"ते आहेत जागच्या जागी," मर्ल म्हणाला. "हार पुसत नाहीत. त्या वर्षाची नोंद आता शून्य विजय, सहा हार."

"त्या सहांतलाही एक आपलाच होता," रस्टी म्हणाला. "नऊ फेब्रुवारी."

"चार्ज होता," मर्ल म्हणाला.

सगळं टेबल कण्हलं. चार वर्षं जात्यात तेच दाणे पडत होते, आणि दळण काही संपत नव्हतं. रस्टी उठला. साखरेची बाटली म्हणजे समोरचा बचावपटू, मिठाची डबी म्हणजे टेविन. शेवटचे दोन सेकंद, एका गुणाने मागे, टेविन धावत आला, उडाला, बॉल जाळीत. आणि मग पंच म्हणतो, चार्ज, हा समोरच्या उभ्या माणसावर जाऊन आदळला, बास्केट धरायचं नाही.

"उभा कुठे होता तो? सरकत होता! ही बघ, बाटली सरकतेय!"

"तू सरकवतोयस म्हणून."

आर्लीन साखरेच्या बाटलीकडे पाहत राहिली.

तो सामना तिने पाहिला नव्हता, ऐकला होता. आजारी डेलबर्टसाठी पुढच्या खोलीत पलंग आणला होता, रेडिओ खिडकीत होता. डेलबर्ट दोन दिवस बहुतेक झोपेतच होता. मग रेडिओतला माणूस किंचाळला, गेला, गेला, बॉल गेला, आणि त्या आवाजाने डेलबर्टचे डोळे उघडले.

काय, त्याने विचारलं.

जिंकलो, ती म्हणाली. ती म्हणाली तेव्हा ते खरं होतं.

किती?

बहात्तर–एकाहत्तर.

लिही, तो म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली, कार्ड काढून आणलं, निळं पेन आणलं, त्याला दिसेल असं पलंगाच्या कडेला बसली. सातचा आकडा काढला. तेवढ्यात रेडिओतल्या आवाजाचा रंग बदलला. थांबा, तो म्हणाला, थांबा, शिट्टी वाजलीय. डेलबर्ट तिच्या हाताकडे पाहत होता. तिने दोन काढला. आडवी रेघ काढली. पुढचा सात, पुढचा एक. मग हात लांब करून रेडिओ बारीक केला, अजून बारीक केला. तो पुन्हा झोपला, आणि रविवारी पहाटे त्याचा श्वास थांबला. मधे काही बोलला नाही.

"आर्लीन, आणलंस ना गं?" रस्टी विचारत होता.

तिने रुमालाची गाठ सोडली.

रस्टीने कार्ड दोन्ही हातांवर घेतलं. घसा खाकरला आणि एकेक चौकट वाचायला लागला. निळी चौकट आली की टेबलावर मुठी पडायच्या. पेन्सिलीची आली की कुणीतरी नाकातून आवाज काढायचं. कप हलत होते, चमचे हलत होते. नोव्हेंबर झाला, डिसेंबर झाला, जानेवारी झाला.

"नऊ फेब्रुवारी," रस्टी म्हणाला आणि थांबला.

मग त्याचं तोंड हळूहळू रुंद झालं.

"बघ! मर्ल, बघ लेका! बहात्तर–एकाहत्तर! डेलबर्टनेसुद्धा बास्केट धरलंय! निळ्या शाईत!"

मुठी पडल्या. पुडिंगचा डबा उडी मारून जागेवर आला. आर्लीनने तो एका हाताने धरला. गप्प बसलं तरी चालणार होतं. सगळं आपोआप झालं होतं. तिने काहीच करायचं नव्हतं.

मर्लने चष्मा लावून कार्ड जवळ घेतलं.

"हे डेलबर्टचं अक्षर नाही," तो म्हणाला. "त्याचे आकडे पुढे झुकतात. हे उभे आहेत."

"मर्ल, एक दिवस तरी शिट्टी खिशात ठेव की रे," डोरीन म्हणाली.

"माझं आहे," आर्लीन म्हणाली.

तिने सांगितलं. पुडिंगला किती वेळ लागतो ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. रेडिओ, डोळे, पेन. "शिट्टी मागून ऐकू आली. तोवर मी लिहायला लागले होते."

"मग त्याला..." रस्टीने विचारलं.

"नाही सांगितलं."

बाहेर कोर्टाच्या घड्याळाचे टोल पडले. किती, ते कुणी मोजले नाहीत. रस्टी खुर्चीत बसला, टक्कल चोळलं, कार्डाकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं.

"म्हणजे बघ, आर्लीन," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला काही नाही गं. पण आपण भिंतीवर लावणार ते खरं म्हणून लावणार. आम्ही पाहिलंय, पुसता येणार नाही, असं म्हणून. आणि त्यात हे असलं तर... पुसणारे म्हणतील, बघा, हेसुद्धा मनाला येईल ते लिहितात." तो बोलता बोलता लाल झाला होता, पण त्याने वाक्य पुरं केलं.

"खरं आहे," आर्लीन म्हणाली. "नका लावू. मी परत नेते."

तिने हात पुढे केला. हात तिचाच होता, पण दुसऱ्या कुणाचा असावा तसा टेबलावर आला. परत नेऊन कार्ड त्याच पांढऱ्या चौकोनावर नीट बसेल, एवढंच तिच्या मनात आलं. त्यापुढे काही आलं नाही.

मर्लने कार्ड दिलं नाही.

टेबल त्याच्याकडे पाहायला लागलं होतं. शिव्या घालून झाल्या की शेवटी नियमाचं त्यालाच विचारायचं, ही तिथली रीत होती.

"तू जिंकलो म्हणालीस," त्याने विचारलं, "तेव्हा बॉल जाळीतून गेला होता?"

"हो."

"आणि शिट्टी?"

"ऐकू आली नव्हती. रेडिओवर कुणी बोललं नव्हतं अजून."

"ऐकू आली तेव्हा किती लिहून झालं होतं?"

"सात."

"पुढचं ऐकल्यावर लिहिलंस."

"हो."

"तो बघत होता?"

"माझ्या हाताकडे," आर्लीन म्हणाली.

मर्लने चष्मा काढून खिशात ठेवला. टेबलाला हात टेकून तो उठला. गुडघा वाजला, तो सगळ्यांना ऐकू आला. कोट सरळ केला. मग उजवा हात खांद्याच्या वर नेला, दोन बोटं पुढे काढली आणि मनगटातून खाली झटकली. एकदाच, नीट, दूरच्या बाकावरून दिसेल अशी.

त्या खुणेचा अर्थ दुकानातल्या कुणाला सांगावा लागला नसता. बास्केट धरलं. दोन गुण.

"अरे, पण तू तर चार वर्षं..." रस्टी म्हणाला.

"चार्जच होता तो," मर्ल म्हणाला. "आजही म्हणतो."

तो कार्ड घेऊन गल्ल्याच्या मागे गेला. टाचण्यांचा डबा पुढे करून डोरीन उभी होती, पण त्याने दुधाच्या मोठ्या फ्रिजपाशी थांबून कार्ड दाराजवळ नेलं, आणि कार्ड आपलं आपण चिकटलं.

"ठीक आहे?" त्याने वळून विचारलं.

"वाकडं आहे," आर्लीन म्हणाली.

त्याने एक कोपरा जरा वर केला. "आता?"

ती बराच वेळ पाहत राहिली. रस्टी पुडिंग कापायला सुरी शोधत होता, आणि कोरड्या डोळ्यांनी नाक शिंकरत होता.

"आता बरोबर," ती म्हणाली.

डोरीनला कॉफीत घालायला दूध हवं होतं. तिने फ्रिज उघडला. दाराबरोबर कार्ड भिंतीकडे गेलं, दिसेनासं झालं, बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. मग दार परत आलं, आणि घरच्या फ्रिजसारखाच मऊ, जड आवाज करत मिटलं.